ओस्वाल्दो ग्वायासामीन: अँडीजचा डोंगर आणि माणसाचे हात



या स्मृतिव्याख्यानमालेसाठी मी दूरचा विषय घेतला आहे. दक्षिण अमेरिकेतला इक्वाडोर हा छोटा देश, किटो ही त्याची डोंगरावरची राजधानी, आणि त्या गावात 6 जुलै 1919 रोजी जन्मलेला ओस्वाल्दो ग्वायासामीन हा चित्रकार. आपल्याकडे लॅटिन अमेरिकेच्या चित्रकलेची गोष्ट निघाली की ती फ्रीडा काहलो आणि दिएगो रिवेरा यांच्यापाशी, म्हणजे मेक्सिकोतच थांबते. त्याच्या खाली अँडीजची हजारो किलोमीटरची रांग पसरली आहे. तिथल्या चित्रकारांबद्दल मराठीत फार थोडं बोललं गेलं. पण केवळ ती उणीव भरून काढायची म्हणून मी आज उभा नाही. डोंगरातल्या मूळच्या माणसांचं चित्र कुणी काढायचं? त्यात काय दाखवायचं? आणि ते पाहिल्यावर पाहणाऱ्याने काय करायचं? ग्वायासामीनच्या आयुष्यात हे प्रश्न वारंवार समोर येतात. सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणाऱ्या आपल्यालाही ते चुकवता येणार नाहीत.

आधी ती जागा डोळ्यांपुढे आणू या. आपलं कळसूबाई 1646 मीटर. त्या शिखरावर उभं राहून आणखी बाराशे मीटर वर चढलात, की तुम्ही किटोच्या बाजाररस्त्यावर पोचाल. 2850 मीटर उंचीवरचं हे शहर दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी दाबून लांबट केलेलं आहे. पश्चिमेला पिचिंचा हा जागा ज्वालामुखी अगदी खेटून उभा आहे. आभाळ मोकळं असेल त्या दिवशी दक्षिणेला बर्फाने झाकलेला कोतोपाक्सी दिसतो, 5897 मीटरचा. विषुववृत्त शहरापासून थोडंच उत्तरेला जातं, म्हणजे डोक्यावर सरळ ऊन आणि नजरेसमोर बर्फ. या भागातल्या किचवा लोकांच्या दृष्टीने डोंगर ही नात्यातली माणसं आहेत. चिंबोरासो हा बाप, तुंगुराहुआ ही आई. ती रागावतात, भांडतात, पाऊस देतात किंवा अडवून धरतात. आपल्यापुढे याचा फार खुलासा करायला नको. आपली सप्तशृंगी डोंगरावर बसते, डहाणूची महालक्ष्मी गडावर बसते, आणि आपण पायऱ्या चढून त्यांना भेटायला जातो.

आता या डोंगरांत राहणाऱ्यांची त्या काळची स्थिती. ग्वायासामीन लहान होता तेव्हा जमीन मोठ्या जहागिऱ्यांत वाटलेली होती. जहागीरदार मूळनिवासी कुटुंबाला कसायला जमिनीचा एक तुकडा द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेतावर राबायचं. या पद्धतीला तिथे हुआसिपुंगो म्हणत. त्याच नावाची होर्हे इकासाची कादंबरी 1934 मध्ये आली आणि स्पॅनिश वाचणारं जग हादरलं. पद्धत कायद्याने बंद व्हायला मात्र 1964 साल उजाडावं लागलं. ठाणे जिल्ह्यातली वेठ ज्यांनी ऐकली-वाचली आहे, 1945 चा वारल्यांचा उठाव आणि गोदावरी परुळेकरांचं काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

ओस्वाल्दो हा दहा भावंडांत थोरला. वडील मूळनिवासी वंशाचे, आधी सुतार, पुढे टॅक्सी आणि ट्रक चालवणारे. आई मिश्रवंशीय. घरात पैसा नव्हता. हा मुलगा पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर छोटी निसर्गचित्रं रंगवायचा आणि मोठ्या चौकात परदेशी पाहुण्यांना विकायचा. ही निसर्गचित्रं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मला परत यायचं आहे.

1932 मध्ये, तो तेरा वर्षांचा असताना, किटोच्या रस्त्यांवर चार दिवस यादवी झाली. शहराच्या इतिहासात तिला चार दिवसांचं युद्ध म्हणतात. त्यात त्याचा जिवलग मित्र गोळी लागून मेला. विशीत पोचल्यावर त्याने ‘मेलेली मुलं’ हे चित्र काढलं. एकावर एक पडलेली प्रेतं, आखडलेले हातपाय. हे चित्र पाहताना जाणवतं, की पुढच्या साठ वर्षांत त्याला जे सांगायचं होतं ते सगळं इथे आलेलं आहे. फक्त ते कसं सांगायचं, याचा शोध बाकी होता.

तो शोध कसा लागला? किटोच्या कलाशाळेतून तो शिकून बाहेर पडला आणि 1942 च्या सुमाराला त्याची चित्रं नेल्सन रॉकफेलर या अमेरिकन धनिकाच्या नजरेस पडली. रॉकफेलरने काही विकत घेतली. त्यातून अमेरिकेचा प्रवास घडला. संग्रहालयांत बसून एल ग्रेको, गोया, पिकासो प्रत्यक्ष पाहता आले. तिथून तो मेक्सिकोला गेला आणि ओरोस्को या तिथल्या चित्रकाराच्या हाताखाली भित्तिचित्राचं तंत्र शिकला. त्यानंतरचा प्रवास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना असा अँडीजच्या कण्याकण्याने तो खाली उतरत गेला, वह्या रेखाटनांनी भरत गेला. ज्या माणसांना तो किटोच्या बाजारात ओझी वाहताना पाहत आला होता, तीच माणसं त्याला प्रत्येक देशात भेटली. देशांच्या सीमा बदलत होत्या, पाठीवरचं ओझं तेच होतं.

या प्रवासातून ‘हुआकायन्यान’ ही मालिका उभी राहिली. रडण्याची वाट, असा त्या किचवा नावाचा अर्थ. 1946 ते 1952 या काळात काढलेली 103 चित्रं, मूळनिवासी, मिश्रवंशीय आणि कृष्णवर्णीय अशा तीन धाग्यांवर विणलेली. तो काळही समजून घ्यायला हवा. 1941 च्या युद्धात आणि पुढच्या वर्षीच्या तहात इक्वाडोरने पेरूपुढे मोठा भूभाग गमावला होता. देश खचला होता. बेंहामीन कार्रिओन या लेखकाने तेव्हा असा विचार मांडला, की सैन्याने आणि पैशाने मोठं होणं आपल्या हाती नसेल, तर आपण संस्कृतीने मोठं होऊ. 1944 मध्ये त्यासाठी संस्थाही उभी राहिली. ग्वायासामीनला तिचा आधार मिळाला. हरलेल्या देशाने आपला चेहरा शोधायला घेतला आणि त्याला जहागिरीत राबणाऱ्या माणसाचा चेहरा सापडला. हे सोपं नव्हतं. किटोतल्या खानदानी घरांना भिंतीवर तो चेहरा नको होता.

1950 च्या दशकात बार्सिलोना आणि साओ पावलोच्या मोठ्या प्रदर्शनांत त्याला पुरस्कार मिळाले, तो जगाला माहीत झाला. युद्धं, छळछावण्या, हिरोशिमा, व्हिएतनाम यांवरची ‘क्रोधाचं युग’ ही मालिका युरोपभर फिरली. 1973 मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. त्या वर्षी गेलेल्या राष्ट्राध्यक्ष आयेंदे, कवी नेरुदा आणि गायक व्हिक्तोर हारा यांना वाहिलेलं चित्रही त्याने काढलं. या टप्प्याविषयी जगभर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी तिथे थांबत नाही.

मी थांबणार आहे ते डोंगरापाशी.

ग्वायासामीनचं नाव घेतलं की सगळे त्याच्या रडणाऱ्या माणसांविषयी बोलतात. पण त्याने आयुष्यभर किटो शहर रंगवलं, पुन्हा पुन्हा रंगवलं. लाल किटो, काळं किटो, हिरवं, निळं. रंग सुरीने थापलेला, जाड, खरबरीत. क्षितिज चित्राच्या वरच्या कडेपर्यंत चढत गेलेलं, आकाशाला जेमतेम एक पट्टी उरलेली. डोंगर मागे उभा राहत नाही, तो अंगावर येतो, आणि त्याच्या पोटाशी घरांच्या फटफटीत तुकड्यांची रास सांडलेली असते. एकही माणूस दिसत नाही. आता चौकात पुठ्ठ्यावरची चित्रं विकणारा तो मुलगा आठवा. पाहुण्यांना आवडेल असा, निळ्या आभाळाखालचा, पोस्टकार्डावरचा डोंगर त्याला चांगला काढता येत होता. त्यावर त्याचं घर चाललं होतं. मोठेपणी त्याने तो डोंगर मोडून टाकला आणि रोज अंगावर येणारा, कधी फुटेल याचा भरवसा नसलेला डोंगर काढला.

आणि मग त्याच्या माणसांचे हात पाहा. लांब बोटं, सुटी दिसणारी पेरं, कातडीखालून वर आलेली हाडं. हे हात चेहऱ्यावर येतात, तोंड झाकतात, वर उठतात, काहीतरी मागतात किंवा अडवतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना विचारा, त्या चेहऱ्यांचं वर्णन ते कसं करतील? गालफडाचा कडा, डोळ्याखालची घळ, नाकाची धार. मला तरी दुसरे शब्द सुचत नाहीत. निसर्गचित्रातला डोंगर ज्या खडकाचा बनला आहे, त्याच खडकाचे हे चेहरे आहेत. तेच करडे, तेच गेरूचे रंग, तोच सुरीचा फटकारा. माणसाची आणि जमिनीची चित्रं काढणारे दोन ग्वायासामीन नव्हतेच. टीकाकारांनी त्याला पिकासोच्या रांगेत बसवलं. ‘गेर्निका’चं ऋण त्याच्यावर आहेच. पण शरीराला डोंगराची घडण देणं, हे पिकासोकडून आलेलं नाही. ते पिचिंचाच्या पायथ्याशी वाढल्याने आलं.

हे फक्त दिसण्यापुरतं साम्य आहे का? मला तसं वाटत नाही. त्यामागे इतिहास आहे आणि त्याचं नाव पोतोसी. आजच्या बोलिव्हियात चार हजार मीटरहून उंचावरचं हे गाव. 1545 मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली. इंका राजवटीत गावांनी पाळीपाळीने श्रम देण्याची एक रीत होती. स्पॅनिशांनी तिलाच वाकवून खाणीतली सक्ती बनवली. गावंच्या गावं तिकडे हाकली गेली. डोंगराच्या पोटात अंधारात उतरायचं, चांदीचा खनिज दगड पाठीवर घेऊन शिड्या चढायच्या, फुप्फुसं निकामी होईपर्यंत. त्या चांदीवर युरोपचा व्यापार फुगला. आणि श्रोतेहो, ती चांदी तिथेच थांबली नाही. तिचा एक ओघ हिंदुस्थानकडे वळला, सुरतेच्या बंदरात उतरला आणि मुघलांच्या टांकसाळींत वितळून रुपया झाला. आपल्या पूर्वजांच्या कनवटीला जे नाणं होतं त्यात कदाचित त्या डोंगराचा अंश होता. अँडीज आपल्यापासून फार दूर आहे, असं म्हणताना हे ध्यानात असू द्यावं.

किटोच्या बेल्याविस्ता या उंच भागात ग्वायासामीनने ‘माणसाचं प्रार्थनामंदिर’ बांधायला घेतलं. लॅटिन अमेरिकेच्या माणसाला वाहिलेली ती दगडी वास्तू. तिच्या घुमटाच्या आतल्या बाजूला त्याने पोतोसीचे खाणकामगार रंगवायला घेतले होते. पाहणारा खाली उभा राहून मान वर करतो. वरून उजेड येतो आणि त्या उजेडाकडे धडपडणारी शरीरं दिसतात. म्हणजे पाहणाऱ्याला त्याने खाणीच्या तळाशी उभं केलं आहे. 10 मार्च 1999 रोजी तो गेला तेव्हा घुमटाचं काम अर्धवट होतं, आणि ते तसंच ठेवलं गेलं. वास्तू 2002 मध्ये खुली झाली. तिथेच त्याचं ‘बैल आणि कंडोर’ हे चित्र आहे. पेरूच्या डोंगराळ गावांत एका सणाला बैलाच्या पाठीवर कंडोर पक्षी बांधतात. बैल स्पेनमधून आलेला, कंडोर अँडीजचा. चित्रात त्या दोघांची झटापट आहे. पंख, शिंगं, डोळे असे गुंतलेत की कोण कुठे संपतो ते सांगता येत नाही. पाच शतकांचा इतिहास एका चौकटीत यापेक्षा नेमका मला कुठे भेटलेला नाही.

इथपर्यंत मी प्रेमाने बोललो. आता त्याच्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांकडे येतो, कारण ते खोटे नाहीत.

अर्जेंटिनात जन्मलेली आणि कोलंबियात नावारूपाला आलेली मार्ता त्राबा ही समीक्षक त्याच्यावर तुटून पडली होती. मेक्सिकन भित्तिचित्रांच्या पठडीतली, आक्रोश करणारी चित्रं हा एक साचा झाला आहे, असं तिचं म्हणणं. इक्वाडोरमधल्या पुढच्या पिढीलाही ते पटलं. एन्रिके ताबारा, आनीबाल विल्यासीस यांनी रडणारा चेहराच नाकारला आणि प्राचीन काळच्या चिन्हांतून, पोतांतून अमूर्त चित्रं घडवली. उत्तरकाळातली ग्वायासामीनची पुष्कळ चित्रं ओळीने पाहिली की त्राबाचं म्हणणं मलाही काही अंशी मान्य करावं लागतं. हात तेच, तीच बोटं, तोच मोठा डोळा. वेदना ओळखीची होत गेली की पाहणारा सुस्तावतो. तो राष्ट्राध्यक्षांची, राजघराण्यांची व्यक्तिचित्रं काढायचा, श्रीमंत झाला, असंही म्हटलं गेलं. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. 1976 मध्ये त्याने आपली चित्रं आणि जमवलेला प्राचीन वस्तूंचा संग्रह एका प्रतिष्ठानमार्फत देशाच्या हवाली केला.

मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. ग्वायासामीनच्या चित्रांतला मूळनिवासी माणूस क्वचितच काही करताना दिसतो. तो पेरत नाही, बाजारात घासाघीस करत नाही, सणाला पिऊन नाचत नाही, शेजाऱ्याशी भांडत नाही. किटोच्या उत्तरेला ओतावालोचे किचवा विणकर आहेत. आपलं कापड घेऊन ते देशोदेशी जाऊन व्यापार करून आले. ते या चित्रांत कुठे आहेत? सोसणं हे त्यांच्या जगण्यातलं एक सत्य. मग बाकीचं जगणं कुणी रंगवायचं?

ते त्यांनी स्वतःच रंगवलं. कोतोपाक्सी प्रांतात तिग्वा नावाचा उंच, वाऱ्याने झोडपलेला भाग आहे. तिथे सणाच्या ढोलांचं कातडं रंगवायची रीत होती. 1970 च्या दशकात हुलिओ तोआकिसा या तिथल्या शेतकऱ्याला ओल्गा फिश या हंगेरीत जन्मलेल्या आणि किटोत स्थायिक झालेल्या संग्राहक बाईंनी सुचवलं, की हेच चित्र सपाट चौकटीवर काढून पाहा. तोआकिसांनी मेंढीचं कातडं लाकडी चौकटीवर ताणलं आणि कोंबडीच्या पिसांचे ब्रश करून ते रंगवलं. मग भावंडं, मुलं, शेजारी रंगवू लागले. त्या चित्रांत काय नाही? नांगरणी, लग्न, मिरवणूक, लामांचे कळप, दवा करणारा भगत, डोक्यावर कंडोर, आणि मागे कोतोपाक्सी, कधीकधी चक्क नाकडोळ्यांचा. ग्वायासामीनचा डोंगर अंगावर येतो. तिग्वाचा डोंगर घरातल्या वडीलधाऱ्यासारखा सगळ्यांवर लक्ष ठेवून बसलेला असतो.

हे ऐकताना तुमच्यापैकी अनेकांना डहाणू आठवलं असेल. त्याच दशकात, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, भास्कर कुलकर्णी हा आपला चित्रकार कागद आणि पांढरा रंग घेऊन वारल्यांच्या पाड्यांवर गेला. लग्नाचा चौक लिहिणं हे तोवर सवाशिणींचं काम. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ब्रश हातात घेतला आणि भिंतीवरच्या त्या रेषेतून मासेमारीचं जाळं, भातलावणी, तारप्याचा फेर, मुंग्यांची रांग असं अख्खं जग उभं केलं. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. जगाच्या दोन टोकांना, एकाच दशकात, दोन डोंगराळ मुलखांतली माणसं आपलं जगणं आपल्या हाताने चौकटीत आणत होती, आणि दोन्हीकडे बाहेरून आलेल्या एका माणसाने फक्त साधन पुढे केलं होतं.

मग ग्वायासामीनची गरज संपली का? मी म्हणतो, नाही संपली, आणि ती आपल्यासारख्यांसाठी संपलेली नाही. वारली चित्राचं आपण काय केलं? साडीच्या पदरावर घेतलं, चहाच्या कपावर घेतलं, हॉटेलच्या भिंतीवर, दिवाणखान्यात घेतलं. तारप्याचा फेर आपल्याला फार आवडतो. तो धरणाऱ्यांची वेठ, त्यांची गेलेली जमीन, त्या फेरात दिसत नाही. दिसावी अशी सक्तीही नाही. म्हसेंनी आपल्या जगण्याचा आनंद रंगवला, तो त्यांचा हक्क होता. पण तो आनंद तेवढा उचलून घरी नेण्याची आपली सवय वाईट आहे. तिग्वाचं कातडंही पर्यटक असंच घेऊन जातात. नुसतं दुःख दाखवलं तर माणूस कीव करून मोकळा होतो. नुसता आनंद दाखवला तर तो विकत घेऊन मोकळा होतो. म्हणून मला ही दोन्ही चित्रं एका भिंतीवर, शेजारी शेजारी टांगलेली पाहायची आहेत. आपल्या कलादालनांनी, आपल्या चित्रकलेच्या वर्गांनी हे करून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे ‘आदिवासी कला’ एका दालनात आणि ‘आधुनिक चित्रकला’ दुसऱ्या दालनात ठेवायची पद्धत आहे. ती भिंत पाडायला काय हरकत आहे?

शेवटी इक्वाडोरच्या संसदेत जाऊ या. तिथल्या सभागृहात ग्वायासामीनने 1988 मध्ये 23 चौकटींचं प्रचंड भित्तिचित्र केलं. देशाचा इतिहास त्यात आहे, आणि एका चौकटीत कवटीसारखा चेहरा असलेल्या सैनिकाच्या शिरस्त्राणावर सीआयए ही अक्षरं आहेत. अमेरिकेने नाराजी दाखवली, चित्र तसंच राहिलं. पण मला त्या सभागृहातल्या खुर्च्यांविषयी बोलायचं आहे. 1979 पर्यंत इक्वाडोरमध्ये लिहिता-वाचता येणाऱ्यालाच मत होतं, म्हणजे ज्यांचे चेहरे ग्वायासामीनने 1946 पासून रंगवले त्यातल्या बहुतेकांना नव्हतंच. भित्तिचित्र झाल्यावर दोनच वर्षांनी, मे 1990 मध्ये, मूळनिवासी स्त्रीपुरुष किटोच्या सांतो दोमिंगो चर्चमध्ये शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. पुढच्या दिवसांत डोंगराळ प्रांतांतले महामार्ग गावकऱ्यांनी रोखून धरले आणि सरकारला बोलणी करावी लागली. मागणी जमिनीची होती. 1996 च्या निवडणुकीत पाचाकुतिक या नव्या चळवळीतर्फे सारागुरो समाजाचा किचवा नेता लुईस माकास संसदेवर निवडून गेला आणि त्याच भित्तिचित्राखालच्या एका खुर्चीत सभासद म्हणून बसला. ग्वायासामीन तेव्हा 77 वर्षांचा होता आणि त्याचं ‘माणसाचं प्रार्थनामंदिर’ अजून पुरं व्हायचं होतं.